शेततळं, गावतळं, पाझर तलाव: आधी तळं ओळखा, मग सांभाळा

नवीन शेततळं केलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पाणी टिकत नाही, काय करू?" मग एक जण म्हणतो कागद टाक, दुसरा म्हणतो अजून खोल घे, तिसरा म्हणतो गाळ अजिबात काढू नको, त्यानेच तर पाणी थांबतं. खरं सांगायचं तर हे तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या तळ्यासाठी बरोबर असतात आणि दुसऱ्या तळ्यासाठी थेट नुकसानीचे असतात. मी बरीच वर्षं अस्तराचं शेततळं वापरतोय, त्यात मासेही सोडतो, आणि आमच्या गावतळ्याचा गाळ काढायच्या कामातही होतो, म्हणून नवीन माणसाला जे आधीच कळायला हवं ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. लेख लांब आहे, पण आपल्या तळ्याला लागू होईल तेवढं वाचलं तरी चालेल, फक्त पायरी १ आणि पायरी ६ कुणीही सोडू नका.

पायरी १: आपलं तळं कोणत्या कामाचं आहे ते ठरवा

सगळ्यात आधी स्वतःला विचारा, हे तळं पाणी धरून ठेवायला आहे की जमिनीत मुरवायला? यावरच पुढचं सगळं ठरतं.

अस्तराचं शेततळं, म्हणजे कागद टाकलेलं. याचं काम एकच, पाणी धरून ठेवायचं. यातून एक थेंबही मुरला तरी तो तोटा.

बिनकागदाचं शेततळं. काळ्या, चिकण जमिनीत हे बऱ्यापैकी पाणी धरतं, मुरमात धरत नाही. मुरमात असेल तर ते तळं शेजारच्या विहिरीला पाणी देतंय असं समजा, ते वाया नाही गेलेलं, फक्त तुम्हाला ते विहिरीतून उपसावं लागेल.

पाझर तलाव. नावातच काम आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर हे राज्यभर बांधले गेले. उन्हाळ्यात हा कोरडा दिसतो म्हणून लोक हळहळतात, पण खालच्या विहिरींना पाणी असेल तर तलावाने आपलं काम चोख केलंय. यात कागद टाकायची मागणी करणारे लोक मी पाहिलेत, तसं केलं तर खालच्या सगळ्या शिवाराचं पाणी तोडल्यासारखं होईल.

गावतळं. गुरांना पाणी, धुणं, गणपती, आणि आजूबाजूच्या आडांना पाझर, अशी चार कामं एकाच तळ्याकडून.

मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, भाताला पाणी द्यायला. ही तळी एकमेकांना जोडलेली असतात, वरच्याचं जास्तीचं पाणी खालच्यात उतरतं, म्हणून एकाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, हात लावताना खालच्याचा विचार करावाच लागतो.

पायरी २: जागा आणि माप

शेतातली सगळ्यात सखल जागा शेततळ्याला चांगली असं वाटतं, पण नाल्याच्या अगदी पात्रात खोदू नका. पहिल्याच मोठ्या पावसात ते गाळाने भरतं. ओहोळाच्या बाजूला, जिथे पाणी वळवून आत घेता येईल अशी जागा बघा. मोठी झाडं जवळ नकोत, बाभळीच्या आणि कडुनिंबाच्या मुळ्या लांबपर्यंत येतात आणि कागद फोडतात.

माती कशी आहे ते बघायला जेसीबी बोलवायच्या आधी कुदळीने तीनेक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या, मग दुसऱ्या दिवशी परत भरा आणि सकाळ-संध्याकाळ पातळी बघा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणीसुद्धा तासा-दोन तासात गायब होत असेल तर कागदाशिवाय पर्याय नाही.

आता पाण्याचा हिशोब, जो बहुतेक जण करतच नाहीत. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार १:१ (उभी एक तर आडवी एक) असेल तर तळ २४ बाय २४ चा राहतो आणि पाणी बसतं २१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. २० बाय २० चं तळं असेल तर ८७६ घनमीटर आणि १५ बाय १५ चं असेल तर फक्त ४४१. म्हणजे बाजू निम्मी केली की पाणी निम्मं नाही होत, पाचव्या हिश्श्यावर येतं. लहान तळं स्वस्तात पडतं म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघून घ्यावेत.

आणि हे पाणी पुरतं किती? एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर. यावरून तुमच्या पिकाला उन्हाळ्यात पाण्याच्या किती पाळ्या निघतील ते कागदावर मांडा, मग तळ्याचं माप ठरवा. शेजाऱ्याने केलं तेवढंच आपणही करायचं असं करू नका, त्याचं डाळिंब आणि तुमचा ऊस यांची तहान वेगळी आहे.

पायरी ३: कागदपत्रं

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा ५० हजारांपर्यंत अनुदान होतं. नंतर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला मापानुसार ७५ हजारांपर्यंत झालं. अटी आणि रकमा बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात महाडीबीटी या सरकारी अर्जाच्या पोर्टलवर आणि कृषी सहाय्यकाकडे दोन्हीकडे खात्री करा. साधारण लागतं ते असं:

- ७/१२ आणि ८-अ चा चालू उतारा
- शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी
- आधार कार्ड आणि आधार जोडलेलं बँक खातं, पासबुकची प्रत
- मोबाइल नंबर, जो आधारला जोडलेला आहे तोच, कारण ओटीपी त्यावर येतो
- उतारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र
- लागू असेल तर जातीचा दाखला
- हमीपत्र

इथला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे पूर्वसंमती मिळायच्या आधी खोदाई सुरू करणं. मशीन गावात आलंय, भाडं स्वस्तात पडतंय म्हणून लोक काम उरकून घेतात आणि मग अनुदान हातचं जातं. निवड झाल्याचा मेसेज म्हणजे पूर्वसंमती नव्हे, कागदपत्रं अपलोड करून, ती तपासून, मग पूर्वसंमती येते, त्यानंतर कृषी सहाय्यक आखणी करून देतात आणि मग मशीन लावायचं. काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि झाल्यावर असे तिन्ही वेळचे फोटो लोकेशनसकट काढून ठेवा.

गावतळं किंवा पाझर तलाव असेल तर तो तुमचा नाही हे लक्षात ठेवा. गावतळं बहुतेक ग्रामपंचायतीचं, छोटे पाझर तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे किंवा मृद व जलसंधारण विभागाकडे. ग्रामसभेचा ठराव आणि त्या विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पोकलेन आत उतरवू नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

पायरी ४: खोदाई

मुरमात बाजूंचा उतार १:१ चालतो. काळ्या मातीत मात्र उभी एक तर आडवी दीड असा उतार ठेवा, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून घसरते. उतार वाढवला की पाणी कमी बसतं हे खरं आहे, त्याच ३० बाय ३० मध्ये २२ लाखांऐवजी १९ लाख ७० हजार लिटर, पण कडा ढासळून कागद फाटण्यापेक्षा ते परवडलं.

निघालेल्या मातीचा भराव लगेच काठावर टाकू नका, काठापासून निदान एक मीटरची मोकळी पट्टी सोडा. ती चालायला, दोर बांधायला आणि पुढे कागद गाडायला लागते. भराव थराथराने टाकून दाबून घ्यायचा, नुसता ढीग रचला तर पहिल्या पावसात निम्मा परत आत येतो. मशीनवाला घाई करतो, त्याचे तास मोजले जात असतात आणि पैसे आपले, पण दाबायच्या कामाला दिलेला तास वाया जात नाही. वरची सुपीक माती आधी वेगळी काढून शेतात पसरवा, खालचा मुरूम भरावाला घ्या. भरावाच्या बाहेरच्या बाजूला गवत येऊ द्या, हराळी असेल तर उत्तमच.

पायरी ५: कागद, म्हणजे अस्तर

खर्च इथेच जास्त आणि फसवणूकही इथेच.

शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, जिओमेंब्रेन हा प्लास्टिकचा कागद वापरतात आणि त्यासाठी आयएस १५३५१ हे मानक आहे. कागदावर आयएसआय मार्क, मायक्रॉन, कंपनी आणि बॅच छापलेली असते ती स्वतः बघा, बिलावर तेच लिहून घ्या. पक्कं बिल आणि वॉरंटीचं कार्ड नसेल तर स्वस्तातला कागद घेऊ नका. वॉरंटीत नेमकं काय येतं तेही वाचा, उंदराने किंवा जनावराने फाडलं तर ती बहुतेक लागू होत नाही.

माप कसं काढायचं? ३० बाय ३० च्या तळ्याला ९०० चौरस मीटर कागद पुरेल असं समजू नका. तळ आणि चारही उतार मिळूनच हजाराच्या वर जातं आणि काठावर गाडायचा भाग धरला की १२०० ते १३०० चौरस मीटरपर्यंत लागतो. दर चौरस मीटरवर असतो म्हणून खोदाई पूर्ण झाल्यावर टेपने प्रत्यक्ष मोजून मगच ऑर्डर द्या.

कागद टाकायच्या आधीची तयारी ही खरी महत्त्वाची. खडे, मुळ्या, काड्या, काचा, सगळं हाताने वेचायचं, अनवाणी चालून बघा, पायाला जे टोचेल ते कागदालाही टोचेल. मग चाळलेल्या मऊ मातीचा थर देऊन चोपून घ्या. लव्हाळा आणि कुंदा असेल तर तो गाठींसकट काढलाच पाहिजे, लव्हाळ्याचा कोंब वरून किरकोळ दिसतो पण तो कागदातून आरपार निघतो.

कागद सकाळी किंवा संध्याकाळी टाका. भर उन्हात तो फुगून लांबतो, तेव्हा ताणून बसवला की रात्री आकसतो आणि जोडावर ताण येतो. थोडा सैल ठेवायचा, कोपऱ्यात जरा जास्त. काठाला सोडलेल्या मोकळ्या पट्टीत दीड ते दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल चर घेऊन त्यात कागदाची कड दुमडून मातीने गाडायची. जोड मशीनने गरम करून चिकटवलेले हवेत, नुसता डिंक लावून दिलेला जोड घेऊ नका.

कागद टाकला की लगेच पाणी सोडा, निदान दोन-तीन फूट. रिकामा कागद वाऱ्याने उचलला जातो आणि उन्हाने कडक होतो. पुढेही तळं कधी पूर्ण कोरडं करू नका. पावसाळ्यात आजूबाजूचं भूजल वर येतं तेव्हा तळ्यात पाणी नसेल तर ते खालून कागद फुग्यासारखा वर ढकलतं, म्हणून जूनच्या आधी तळात थोडं पाणी असलंच पाहिजे.

मोटरचा पाणी ओढणारा सक्शन पाइप आणि त्याच्या टोकाचा फूटव्हॉल्व तळाला टेकू द्यायचा नाही. ट्यूबला किंवा रिकाम्या कॅनला बांधून तो पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर तरंगत ठेवा. कागद घासत नाही आणि ड्रिपला गाळही येत नाही.

गळती आहे की बाष्पीभवन हे कळायला सोपी परीक्षा आहे. एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून काठाजवळ पाण्यात विटांवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खूण करून ठेवा. मोटर बंद, पाऊस नाही, असे चोवीस तास जाऊ द्या. बादलीत जेवढं कमी झालं तेवढंच तळ्यात कमी झालं असेल तर ते ऊन घेऊन गेलं. तळ्यात जास्त उतरलं असेल तर गळती आहे, आणि पातळी उतरत उतरत जिथे थांबते साधारण त्याच उंचीवर भोक सापडतं. ती जागा कोरडी, स्वच्छ करून त्याच कागदाचा तुकडा गरम हवेच्या गनने चिकटवायचा. ठिगळासाठी उरलेला कागद फेकू नका, सावलीत गुंडाळून ठेवा.

पायरी ६: जीव वाचवणारी कामं, पाणी भरायच्या आधी

याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. कागदाच्या तळ्यात पडलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही, कारण ओला कागद आणि त्यावरचं शेवाळ यावर पाय ठरतच नाही. दर उन्हाळ्यात पोहायला किंवा हातपाय धुवायला उतरलेली पोरं गेल्याच्या बातम्या येतात, एकाला वाचवायला दुसरा, त्याला वाचवायला तिसरा.

म्हणून, एक: चारही बाजूंनी जाळीचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. दोन: चारही बाजूंना जाड नायलॉनचे दोर, फूट-फूट अंतरावर गाठी मारलेले, काठावरच्या खुंटाला पक्के बांधून तळापर्यंत सोडलेले. तीन: हवा भरलेल्या दोन ट्यूब दोरासकट कायम काठावर. चार: एका कोपऱ्यात जुन्या टायरची शिडी. ही शिडी हरणं, कुत्री, डुकरं यांच्याही कामी येते, आत पडलेलं जनावर धडपडून नखांनी कागद फाडतं आणि मरतंही.

आणि घरातल्या सगळ्यांना, सालगड्याला, मजूर बायकांना, त्यांच्या मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा, कुणी पडलं तर मागे उडी मारायची नाही, दोर किंवा ट्यूब फेकायची आणि ओरडायचं. दोर उन्हाने कुजतो, दर वर्षी ओढून तपासा आणि बदला.

पायरी ७: पाणी आत येणं, बाहेर जाणं, आणि उडून जाणं

ओहोळाचं पाणी घेत असाल तर आत येण्याआधी एक गाळ टाकी करा, साधा दोन-तीन मीटरचा दगडी खड्डा असला तरी गढूळ पाणी तिथे थांबतं आणि गाळ बसतो. ही टाकी पावसाळ्यात मधून मधून उपसावी लागते, तळ्यातून गाळ काढण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे कारण कागदावर मशीन उतरवता येत नाही. जास्तीचं पाणी जायला सांडवा हवाच, भरावाच्या वरून पाणी गेलं तर भराव राहत नाही. सांडव्याचं पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडू नका, त्यावरून होणारी भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

बाष्पीभवन लोक फार हलक्यात घेतात. दुष्काळी भागात उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ६ हजार ३०० लिटर गेलं. पातळी उतरेल तसा पृष्ठभाग कमी होतो, तरी मार्च ते मे मिळून चार-पाच लाख लिटर सहज जातात. उपाय म्हणजे रुंदीपेक्षा खोली बरी, पश्चिमेला वारा अडवणारी झाडं (काठापासून लांब), जमलं तर शेडनेट. शेवटचा आणि खात्रीचा उपाय म्हणजे पाणी वेळेत वापरून टाकणं, एप्रिलपर्यंत राखून ठेवलेल्यातलं बरंच पाणी पिकाला मिळतच नाही.

आणि यातूनच एक गोष्ट कळकळीने सांगतो. बोअर आणि विहिरीचं पाणी उपसून शेततळं भरणं ही पद्धत खूप वाढलीय. जमिनीखाली ते पाणी सावलीत, सगळ्यांच्या वाटणीचं होतं, ते वर आणून आपण उन्हात पसरतो आणि त्यातला चौथा-पाचवा हिस्सा उडवून देतो, तोपर्यंत शेजाऱ्याची विहीर आटलेली असते. तळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरायचं. लाइट रात्रीची असते, पाणी द्यायच्या पाळीचा मेळ बसत नाही म्हणून एक-दोन दिवसांपुरतं पाणी तळ्यात साठवणं मी समजू शकतो, पण डिसेंबरात बोअर चालवून तळं काठोकाठ भरून ठेवणं, हे मला पटत नाही.

पायरी ८: शेवाळ आणि जलपर्णी

पाणी हलकं हिरवं असणं चांगलं. काठावर लोकरीसारखं शेवाळ वाढलं तर दाताळ्याने ओढून काढा. फवारणीचा पंप तळ्यात धुवू नका आणि खताचं पाणी आत वाहून येऊ देऊ नका, शेवाळाला खाऊ तिथूनच मिळतो. मोरचूद टाका असा सल्ला सर्रास मिळतो, त्याने शेवाळ मरतं पण मासेही मरतात आणि मेलेलं शेवाळ कुजून पाणी अजून बिघडतं, तेव्हा माशांच्या तळ्यात तर अजिबातच नाही. पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखा निळा-हिरवा तवंग आला आणि वास सुटला तर गुरांना ते पाणी पाजू नका, अशा शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. ड्रिप असेल तर सँड फिल्टरचा बॅकवॉश या दिवसांत वरचेवर करावा लागतो.

गावतळ्यात खरी डोकेदुखी जलपर्णीची. ही दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचं बी गाळात अनेक वर्षं जिवंत राहतं. म्हणून फुलं यायच्या आधी, पाणी कमी असताना, दोराने एका काठाला ओढून, पूर्ण बाहेर काढायची आणि पाणी परत आत येणार नाही अशा बाजूला ढीग लावायचा, खत चांगलं होतं. पण गावाचं सांडपाणी तळ्यात येत असेल तर हे काम दर वर्षी करावं लागेल. कोल्हापूरचा रंकाळा काय किंवा मुंबईचा पवई काय, जलपर्णीचं मूळ सांडपाण्यात आहे. आधी गटार वळवा. गणपतीसाठी बाजूला वेगळा कुंड करा, पीओपी पाण्यात विरघळत नाही, तळाशी जाऊन बसतं.

डासांसाठी गप्पी मासे घराजवळच्या हौदात, टाकीत सोडा. नैसर्गिक तळ्यात नको, ते देशी माशांची अंडी आणि पिल्लं खातात.

पायरी ९: मासे सोडायचे असतील तर

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला, म्हणून तिन्ही एकत्र सोडतात, साधारण ४:३:३. ३० बाय ३० च्या तळ्यात ४५० ते ५५० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पुरे, हजार-दीड हजार सोडली की सगळीच बारीक राहतात. बी सरकारी मत्स्यबीज केंद्रातून किंवा ओळखीच्या ठिकाणाहून घ्या. थाई मागूर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो ओढ्यात सुटला तर बाकीचं काही ठेवत नाही.

पिशवी आणली की लगेच ओतायची नाही. वीसेक मिनिटं बंद पिशवी तळ्यात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी पिशवीत घ्या, मग पिल्लं आपली आपण बाहेर जाऊ द्या. खाद्य म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड सारखी मिसळून, माशांच्या अंदाजे वजनाच्या दोन-तीन टक्के, रोज ठरल्या वेळी. पाण्याची परीक्षा हाताने होते: हात कोपरापर्यंत बुडवा, तळवा स्पष्ट दिसला तर पाण्यात खाद्य कमी, मनगट बुडायच्या आतच दिसेनासा झाला तर जरा जास्तच दाट झालंय, शेण टाकत असाल तर ते आणि खाद्य थांबवा.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ऑक्सिजन कमी पडलाय. तो नेहमी पहाटेच सगळ्यात कमी असतो, ढगाळ दिवसांत जास्त. मोटर लावून तेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा, आणि त्या दिवशी खाद्य देऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये बी सोडून फेब्रुवारी-मार्चमध्ये विका. पाणी दीड मीटरच्या खाली गेलं की माशांचे हाल होतात, आणि पीक आणि मासे दोघांना एप्रिलचं पाणी पुरत नाही, तेव्हा कुणाला प्राधान्य द्यायचं ते बी सोडायच्या आधी ठरवा. पाणकावळ्यांसाठी वरून दोऱ्या ताणल्या तरी बराच फरक पडतो.

पायरी १०: गाळ आणि पाळ

सार्वजनिक तळ्यांसाठी २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, तिच्यातून किंवा लोकवर्गणीतून, फेब्रुवारी ते मे हा कामाचा काळ. परवानगी फक्त गाळाची असते, वाळू आणि मुरूम काढायची नाही.

पाझर तलावात गाळ बसला की मुरण्याच्या वाटा बंद होतात, तिथे गाळ पूर्ण खरवडला तर विहिरींना फायदा. गावतळ्यात उलट, तळाचा जुना चिकण थर फुटला तर पाणी टिकत नाही, म्हणून गाळ संपून घट्ट, वेगळ्या रंगाची माती लागली की थांबायचं. "आलंच आहे मशीन तर अजून एक मीटर घेऊ" या उत्साहाने चांगली तळी गळकी झालीत. पाळीच्या पायथ्याजवळ तर खोदायचंच नाही, किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून आखून घ्या. गाळ हलक्या, मुरमाड शेतात टाका, तीन-चार इंचाचा थर पुरतो, फूटभर टाकला तर शेत चिबडतं. काळ्या जमिनीला त्याची गरज नाही, आणि तळ्याचा परिसर चोपण, म्हणजे खारवट, असेल तर आधी मातीची तपासणी.

मालगुजारी तलावांत नुसता गाळ काढून भागत नाही. अर्जुनी मोरगाव भागातल्या मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या लोकांनी आधी बेशरमची झुडपं मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि मग देशी पाणवनस्पती लावल्या, कारण मासे त्यांच्यातच वाढतात आणि पाखरंही त्यांच्यासाठीच येतात. तळ सपाट, गुळगुळीत केलेलं तळं नकाशात छान दिसतं पण त्यात काही जगत नाही.

आता पाळ. पावसाळ्याआधी पाळीवरची नवीन झुडपं कापा (जुनी मोठी झाडं तोडू नका, मुळं कुजली की आत पोकळी होते), उंदीर-खेकड्यांची बिळं चिकण मातीने ठासून भरा, खचलेलं पिचिंग, म्हणजे पाळीवरचं दगडी अस्तर, नीट करा, सांडव्यात कुणी मासे अडवायला जाळी किंवा दगड लावले असतील ते काढा. यासाठी लागतं ते फार नाही: फावडं, घमेलं, पहार, माती ठोकायचा धुम्मस, विळा, बॅटरी आणि मोजायची टेप.

मोठ्या पावसात रोज पाळीच्या बाहेरच्या पायथ्याने चक्कर मारा. थोडं स्वच्छ पाणी झिरपत असेल तर खूण करून लक्ष ठेवा. पाणी गढूळ येत असेल किंवा धार वाढत असेल तर आतून माती वाहून जातेय, तिथे वाट बघायची नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. म्हणून असं दिसलं की सरपंच, तलाठी आणि तलाव ज्याच्याकडे आहे तो विभाग, सगळ्यांना एकाच वेळी कळवा, फोटो-व्हिडिओ पाठवा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ नंबर लावा, आणि तोपर्यंत पाळीखालच्या वस्तीतली माणसं आणि दावणीची गुरं उंचावर हलवा.